सायगावची सून

लासुर्ण्याच्या माणसाला जगातलं माहीत नाही असं काही नसतं. म्हणून १९९० साली साहेबराव मिसाळ मिलिटरीतून पेन्शन घेऊन बायकोसकट गावी परतला, तेव्हा ही बाई कुठली हे तिलाच विचारावं असं कुणाला वाटलं नाही. बारीक डोळे, बसकं नाक, सरळ केस. स्टँडवरच्या मंडळींनी तिला नेपाळी ठरवून टाकलं. एक जण तेवढा अडून बसला की बाई चिनी आहे, बासष्टच्या लढाईत साहेबरावानं धरून आणली असणार. बासष्ट साली साहेबराव चौथीत होता. पण एवढ्यातेवढ्यासाठी कुणी आपलं मत बदलत नसतं.

बाईचं नाव लान. तिच्या भाषेत ते एका फुलाचं नाव. आमच्याकडं लान म्हणजे लहान. ती नवऱ्याहून चांगली दोन बोटं उंच, त्यामुळे सासू ताईबाईनं पहिल्याच दिवशी तोंडाला पदर लावला.

"ही लान व्हय? मग हिची थोरली बहीन दारातनं आत कशी येत आसंल?"

लानचा बाप कारैकलचा तमिळ माणूस. व्हिएतनामात सायगावला त्याचं कापडाचं दुकान होतं. आई तिथलीच. दुकानाच्या पायरीशी चूल मांडून ती रश्शातल्या शेवया विकायची, आणि लानचं सगळं बाळपण त्या चुलीच्या धुरात गेलं. लढाई संपली, सरकार बदललं, दुकान गेलं. लान आईबापांबरोबर विमानानं मद्रासला उतरली. या लोकांच्या ट्रंका हलवायला मिलिटरीचा ट्रक आला होता आणि ट्रकवर ड्रायव्हर होता साहेबराव. त्याला तमिळ येत नव्हती, तिला हिंदी येत नव्हती. लग्न जमायला एवढं पुरलं. पुढं दोघांना एकमेकांची भाषा आली आणि मग रीतसर भांडणं सुरू झाली.

बायको कुठली असं कुणी चुकून विचारलंच तर साहेबराव खरं ते सांगायचा. "सायगावची." लोक समजुतीनं मान हलवायचे. सायगाव म्हणजे साताऱ्याकडचं, जावळीतलं. एक म्हातारा तर म्हणाला, "माझ्या मेव्हन्याची सोयरीक हाय की तितं. पर तितली मानसं अशी दिसत न्हाईत बाबा."

वस्तीला मात्र तिचा अभिमान वाटला. वस्तीतली बाकीची घरं छप्पन सालानंतरची बौद्ध, आणि ही आईकडून कैक पिढ्यांची. बुद्धपौर्णिमेला तिला मोठ्या मानानं विहारात पुढं बसवलं आणि वंदना म्हणायला सांगितली. तिनं आईनं शिकवलेली म्हटली, आपल्या भाषेत, हेल काढून. मग दोघाचौघांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की भाव चांगला हाय, पर धम्म असा नसतो. पुढच्या रविवारपासून तिला धम्म शिकवायला सुरुवात झाली. तीही मुकाट्यानं जाऊन बसायची.

खरी परीक्षा चुलीपुढं होती. लानची भाकरी कधी गोल झाली नाही. कधी ती श्रीलंकेसारखी व्हायची, कधी गुजरातसारखी. ताईबाई ती उचलून उजेडात धरायची आणि शेजारणींना दाखवायची. मग एके दिवशी लाननं परसातला गवती चहा उपटला, ठेचला आणि कोंबडीच्या रश्शात टाकला. ताईबाईनं जन्मभर गवती चहा फक्त चहात घातलेला.

"कोंबडीला सर्दी झाली व्हती का गं?" तिनं विचारलं. विचारून झाल्यावर दोनदा रस्सा मागून घेतला.

त्यानंतर सासूनं भाकरीचा विषय सोडला. लाननं तांदळाचं भिजवलेलं पीठ पुढ्यात ठेवून खुणेनं दाखवलं की याच्या लांब दोऱ्या हव्यात, तेव्हा ताईबाईनं फळीवरचा कुरडयांचा सोऱ्या काढला आणि सरळ उकळत्या पाण्यावर धरून दाबला. पांढऱ्याशुभ्र शेवया पाण्यात उतरल्या. लान त्या पातेल्याकडं बघत उभी राहिली. तिच्या आईकडं सायगावात असंच, फक्त पितळेचं यंत्र होतं. तिला रडू आलं. ताईबाईला वाटलं वाफ लागली.

बारामती-इंदापूर रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून दोघींनी आणि साहेबरावानं हॉटेल काढलं, ते १९९२ साली. पाटी लावली, 'हॉटेल सायगाव'. फळ्यावर खडूनं लिहिलं: शेवयांचा रस्सा. उसावरचा खिमा. उसाची साल काढून कांडीभोवती खिमा थापायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा, ही तिच्या आईची सणाची गोष्ट. सायगावात ऊस बाजारातनं आणावा लागायचा. इथं चारी बाजूंनी ऊस, लानला वाटलं लोक तुटून पडतील.

लोक आले, फळा वाचला आणि हसून गेले. शेवया दुधात खातात हे ज्या बाईला कळत नाही, तिनं हॉटेल काढावं? आणि उसाच्या गावात ऊस विकणारी बाई तर आजवर कुणी बघितली नव्हती. दोन वर्षं तिचं गिऱ्हाईक म्हणजे परमुलखातले ट्रक ड्रायव्हर. त्यांना भूक लागलेली असायची, मत नसायचं.

मग बारामतीत चायनीजच्या गाड्या लागल्या. लाल रंगाचा भात, त्यावर कोबी, त्यावर आणखी लाल रंग. तो खाणं म्हणजे पुढारलेपणा. वरकुट्याचा अविराज हा बागायतदाराचा पोरगा पुण्यात कॉलेज करून आलेला. तो एकदा हॉटेल सायगावात शिरला, रस्सा ओरपला आणि साहेबरावाला म्हणाला, "काका, पाटीवर चायनीज लिवा. उद्यापास्नं रांग लागंल."

साहेबरावानं पेंटर बोलावला. लान झारा घेऊन बाहेर आली.

"चीनवाल्यांनी हजार वरसं आमच्यावर राज्य केलं. आमच्या लोकांनी मरूमरून त्यांना हाकललं. आन मी आता त्यांचं नाव माज्या दारावर लावू?"

"अगं, हितं कुनाला म्हाईत हाय ते?"

"मला हाय की!"

पेंटरला घाई होती. त्यानं भांडण संपायच्या आत 'चायनीज' रंगवून टाकलं, तेही इतकं मोठं की सायगाव त्याच्याखाली कोपऱ्यात दबलं. महिन्याभरात बाकं कमी पडायला लागली. तोच रस्सा, त्याच शेवया, तोच ऊस. पण आता लोक म्हणायचे, चायना लई पुढं गेला बघा.

अविराजनं एका दुपारी वडलांना आणलं. आप्पासाहेब म्हणजे डाळिंबाची बाग, जीप आणि तालुक्यात कुठलीही समिती निघाली की तिचं अध्यक्षपद. त्यांनी दोन वाडगे रिकामे केले, तिसरा मागवला, कपाळाचा घाम पुसला आणि स्वयंपाकीणबाईंना बाहेर बोलावलं.

"झ्याक! असलं चायनीज पुन्यातबी न्हाय. कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"सायगावची," लान म्हणाली.

"आँ, साताऱ्याकडचं. आन हे पावनं कुठले?"

साहेबराव हात पुसत पुढं आला. "जय भीम, आप्पासाहेब. मी हितलाच. साहेबराव मिसाळ. विहाराच्या मागं घर हाय."

आप्पासाहेबांचा चमचा तिसऱ्या वाडग्यात थांबला. चिनी माणसाच्या हातचं खायला त्यांची काही हरकत नव्हती. तो साप खाईल, बेडूक खाईल, त्याचा धर्म त्याच्याजवळ. पण विहारामागच्या घरातलं म्हटल्यावर त्यांच्या पोटात लगेच आग पडली. "मसाला जास्ती झालाय, साहेबा," असं म्हणत ते उठले. घडीपूर्वीचे 'पावनं' जाताना 'साहेबा' झाले.

आठवड्यात ग्रामपंचायतीकडं तक्रार आली. हॉटेलामागं रांजणात मासे कुजवतात, गावाला दुर्गंधी येते. रांजण होता, हे खरं. उजनीचे बारीक मासे मिठात मुरवून लान त्याचं पाणी काढायची. त्याच्या चार थेंबांनी रश्शाला ती चव यायची. चौकशीला पंच आले, ते नाकाला रुमाल लावूनच. लाननं झाकण काढलं. पंचांनी रुमाल काढला, वास घेतला आणि एकमेकांकडं बघितलं. वारा साखर कारखान्याच्या बाजूचा होता. मळीचा वास गावाला पिढीभर येत होता, त्याला गाव प्रगती म्हणायचं.

"ह्यो कशाचा?" एकानं विचारलं.

"ह्यो मळीचा," दुसरा म्हणाला.

"आन ह्यो?"

"ह्योबी मळीचाच वाटतोय."

साहेबरावानं अदबीनं सुचवलं की कारखाना एक दिवस बंद ठेवावा, म्हणजे माशांचा वास निवांत बघता येईल. पंचांनी 'अधिक चौकशी आवश्यक' असा निर्णय दिला. ती चौकशी अजून चालू असावी.

पण हॉटेल कुठल्या घरचं, ही बातमी तालुकाभर पसरायची ती पसरली. बाकं रिकामी पडायला लागली. गंमत म्हणजे रस्सा मात्र तेवढाच संपत होता. जीप रस्त्याच्या पलीकडं थांबायची, ड्रायव्हर येऊन पार्सल न्यायचा. त्यात वरकुट्याचीही जीप असायची, कारण अविराजची बायको रोहिणी पोटुशी होती आणि तिच्या पोटात त्या आंबट रश्शाशिवाय काही ठरत नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारली की आतल्या पदार्थाची जात जाते, हा शोध आमच्या तालुक्यानं लावला.

लानला आधी हे उमगलंच नाही. "आत्याबाई, मानसं आत का येत न्हाईत?" तिनं विचारलं.

ताईबाई लसूण सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "माज्या आईला हिरीवर घागर बुडवू देत नव्हते. ती खाली वंजळ धरून उबी ऱ्हायची, वरनं कुनीतरी पानी वतायचं. लांबनं. आता पिशवी आलीया, एवडंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लाननं रश्शाच्या वर लिहिलं, पार्सल मिळणार नाही.

"धंदा बसंल, लान," साहेबराव म्हणाला.

"बसू दे. मानसं बसावीत म्हनूनच हाटेल काडलं व्हतं न्हवं?"

धंदा बसला, चांगलाच बसला. ताईबाई तेवढी रोज दुपारी गिऱ्हाइकाच्या बाकावर ऐटीत बसून वाडगाभर खायची आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशी ढेकर द्यायची.

मे महिन्यात एका दुपारी इंदापूरच्या एस.टी.तून रोहिणी एकटी उतरली. पोट सावरत आत आली, मधल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "काकी, एक रस्सा. लिंबू जास्ती पिळा." ती निम्म्यात होती तेव्हा पाठोपाठ जीप आली. आप्पासाहेब रस्त्यावरनंच ओरडले, "सूनबाई, चला!"

"खाऊन येते, मामंजी," रोहिणी म्हणाली आणि आणखी शेवया मागितल्या.

उन्हानं जीपचा पत्रा तापलेला. आप्पासाहेब थोडा वेळ आत बसले, मग बाहेर उभे राहिले, मग शेडच्या सावलीला आले. शेवटी दाराजवळच्या बाकावर टेकले, पाय तेवढे बाहेर ठेवून. लाननं काही न विचारता पुढ्यात वाडगा ठेवला. आप्पासाहेबांनी रस्त्याकडं बघत तो संपवला.

"पोटाला बरं न्हाय," ते साहेबरावाला म्हणाले. "म्हनलं जरा पातळ घ्यावं."

"घ्या की. आनखी देऊ?"

"द्या, साहेबराव."

आप्पासाहेबांचं पोट बिघडल्याचं कळल्यावर तालुक्यात बऱ्याच जणांची पोटं बिघडली. सगळे आले असं नाही. कितीतरी जण त्या दारात कधीच आले नाहीत. पण बाकं भरली. लाननं स्वतः शिडीवर चढून 'चायनीज'वर काळा रंग फासला. लोक तरी चायनीजच म्हणत राहिले, पण निदान दारावर ते नाव नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली तिची आई मद्रासहून आली. बाप वारला होता आणि म्हातारी लेकीकडं पहिल्यांदाच येत होती. दोन दिवस लानचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं रस्सा चढवला, शेवया पाडल्या, माशांचं पाणी मोजून घातलं. आईनं वाडगा नाकाशी धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"हे आपलं नाही," आई म्हणाली.

एवढी वर्षं पेंटरशी, पंचांशी, साऱ्या तालुक्याशी आपलं आपलं म्हणून भांडलेली लान तिथंच खाली बसली. मग सावकाश मान वळवून तिनं सासूकडं बघितलं. ताईबाई वर छपराच्या पत्र्याकडं बघत होती.

"आत्याबाई. काय घातलंय?"

"काळा मसाला," ताईबाई म्हणाली. "चिमूटभर. पयल्या दिसापास्नं घालतीया. नुसतं गवत आन माशाचं पानी कोन खाईल गं बया?"

लान ताडकन उठून बाहेर गेली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. साहेबराव मागं गेला, तर त्याला म्हणाली, "बोलू नगा माज्याशी." आत दोन म्हाताऱ्या समोरासमोर राहिल्या. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला मराठीशिवाय काही येत नव्हतं. लानच्या आईनं उरलेला रस्सा पिऊन टाकला आणि रिकामा वाडगा ताईबाईपुढं धरला. तो भरून आल्यावर बोटानं रश्शाचा रंग दाखवला, मग चुलीजवळच्या डब्यांकडं बोट केलं.

ताईबाईनं लेकीला हाक मारावी तशी सुनेला हाक मारली. लान आली, फुगलेल्या तोंडानं उभी राहिली. मसाल्याचा डबा उघडला गेला. खोबरं किती, धने कसे भाजायचे, सगळं एकीनं सांगायचं आणि लाननं दुसरीला कळवायचं. रागाच्या भरात ती निम्मंच कळवत होती, म्हणून आई पुन्हा पुन्हा विचारत होती.

"इहीनबाईला सांग," ताईबाई म्हणाली, "दगडफूल जास्ती झालं तर कडू हुतंय."

लाननं ते आईला सांगितलं. वर आपल्या पदरचं एवढंच घातलं, की या बाईला चुलीजवळ एकटं सोडू नकोस.