पावण्यांचं खातं

केरबाला खातं उघडायचं होतं आणि त्यासाठी बँक निवडायला त्यानं अख्खा श्रावण घालवला. लेकीसाठी स्थळ बघतानाही माणूस एवढे उंबरे झिजवत नाही. पैसे ठेवायला त्याचं कोईमतूरला खातं होतं, आणि मोबाईलवरून ते इथं विट्याजवळच्या त्याच्या गावातही चालत होतं. तरी त्याला गावात खातं हवं होतं, कारण त्याला गावातलं व्हायचं होतं.

या बाजूची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्यावर जातात. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, आणि त्या धुरात आयुष्य काढायचं. केरबा मामाच्या मागं कोईमतूरला गेला तो तिथंच म्हातारा झाला. तिथं त्याला कुणी केरबा म्हटलं नाही, सगळे 'मराठी शेट' म्हणायचे. शेट कसला, धुरानं छाती पोखरलेला गडी तो! पण नाथाच्या यात्रेला गावी यायचा तेव्हा गाडीतून उतरायचा, देवळाला देणगी द्यायचा आणि दोन दिवसांत परत फिरायचा. देवळाच्या फरशीवर त्याचं नाव कोरलेलं आहे. नावापुढं कंसात 'कोईमतूर' असंही कोरलं आहे.

गेल्या वर्षी त्याची बायको बनुबाई तिकडंच गेली. शेवटच्या दुखण्यात ती एकच धोसरा लावून होती, "मला गावाकडं न्या." केरबा "नेतो, नेतो" म्हणत राहिला. मुलगा जयराज म्हणाला, "आप्पा, एवढ्या लांब आजारी माणूस कसा न्यायचा?" तेही खरंच होतं. तिला खांदा द्यायला पाच-सहा गलाईवाले आले, बाकी सगळी गल्ली परक्यासारखी दारात उभी राहून बघत होती. ते दृश्य केरबाच्या डोळ्यांपुढून हललं नाही. आपल्याला तरी गावची माणसं मिळावीत, एवढ्या एका इच्छेनं तो उन्हाळ्यात गावी आला आणि बंद घराचं कुलूप काढून राहू लागला.

मग बँक बघणं सुरू झालं. पहिल्यांदा तो विट्यातल्या मोठ्या बँकेत गेला. काचेचं दार, टोकन, गार हवा. टेबलामागचा साहेब म्हणाला, "बोलिए अंकल." केरबानं उभा जन्म परक्या भाषेत व्यवहार केलेला. आता विट्यातही तेच करायचं म्हटल्यावर त्याचं मनच उडालं. टोकन खिशात तसंच घेऊन तो बाहेर आला.

दुसऱ्या बँकेचा पोरगा तर घरीच आला. हातात पाटीएवढं यंत्र. म्हणाला, "इथंच अंगठा लावा काका, फोटो काढतो, झालं खातं. बँकेत यायची गरजच नाही."

"मग मी जायाचं कुठं?" केरबानं विचारलं.

पोरगा हसला. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

राहिली गावातल्या सहकारी बँकेची शाखा. एक खोली, वीज गेली की काम बंद, पासबुक छापायचं यंत्र कायम रुसलेलं. जयराज फोनवर म्हणाला, "आप्पा, त्या बँकेत आता कोण जातं का?" पण त्या खोलीबाहेर लिंबाच्या सावलीत एक लांबलचक बाकडं होतं. सकाळी बँक उघडायच्या आधीच तिथं नानासो, गुंडा, तानाजी अशी म्हातारी मंडळी जमायची. काखेत पासबुक, काम काडीचं नाही. शेजारच्या टपरीतून चहा यायचा आणि पैसे कुणी द्यायचे यावरून रोज जुंपायची. "काल मी दिलं, आज तुझी पाळी हाय रं गुंडा!" हे केरबाला समोरच्याच आपल्या घराच्या सोप्यातून ऐकू यायचं. कोण कुणाला काय शिव्या घालतो हेही त्याला पाठ झालं होतं. आपल्या काखेत पासबुक आलं की तिथं जाऊन बसायला निमित्त होईल, असं त्याच्या मनानं घेतलं. निमित्ताशिवाय जायची त्याला लाज वाटत होती. आपल्याच गावात!

श्रावण सरला तसा तो धोतर-टोपी घालून शाखेत गेला. खिडकीशी स्वप्नाली होती, सांगलीहून बदलून आलेली पोर. दोन वर्षांत ती गावातल्या म्हशींनासुद्धा नावानिशी ओळखू लागली होती.

"चालू खातं पायजे," केरबा म्हणाला.

"चालू खातं दुकानदारांचं असतं, आजोबा. तुमचं दुकान कुठं आहे?"

"दुकान न्हाई आता. रोज यायला लागंल असलं खातं द्या."

"मग बचत खातं काढू," ती म्हणाली. "आता नियम नाही, पण आमच्याकडं जुनी पद्धत आहे. गावातल्या एका खातेदारानं ओळख द्यायची. बाहेर सगळे बसलेत, कुणीही देईल."

केरबाला उलट आनंदच झाला. तानाजी होताच की! शाळेत दोघं एका पाटीवर लिहायचे. तानाजीचंही निम्मं आयुष्य फौजेत गेलं, पण त्याची बायकापोरं गावात होती, म्हणून तो बाहेर असून गावातच राहिला. केरबा लगबगीनं बाकड्यापाशी गेला.

"या, या पावनं!" तानाजी उठून म्हणाला. "सरका रं, पावण्यास्नी जागा द्या."

"तानाजी, आरं मी केरबा."

"वळखलं की. कोईमतूरचं शेट. कवा जाणार माघारी?"

"जाणार न्हाई. आता हितंच ऱ्हाणार हाय."

मग गुंडा म्हणाला, "आमाला वाटलं, घर इकाय आलाय."

तानाजी भला माणूस. ओळख द्यायला लगेच आत आला. स्वप्नालीनं सहजच विचारलं, "किती वर्षांची ओळख, काका?" सहीखाली खोटं लिहायचं नाही ही त्याची फौजेतली सवय. त्यानं केरबाकडं पाहिलं, डोकं खाजवलं.

"ल्हानपणी एका वर्गात हुतो. पर तवापास्नं म्हणाल तर… यात्रेपुरती वळख हाय, मॅडम." मग त्यालाच कसंसं वाटलं. "तसं नगा लिवू. वळखतो म्हणून लिवा."

त्यानं सही केली. केरबा खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याला राग आला नाही, कारण तानाजी बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चार दिवसांनी पासबुक मिळालं. वर त्याचं नाव, खाली गावाचं नाव. कंसात काही नव्हतं. ते काखेत मारून केरबा बाकड्यावर जाऊन बसला. त्याला मधली, सावलीची जागा मिळाली. इतका वेळ चाललेलं भांडण थांबलं, गुंडानं पाय खाली सोडले, नानासोनं तोंडातली शिवी गिळली.

"तिकडं पाऊसपाणी कसं हाय?" नानासोनं विचारलं.

तिकडच्या पावसाची केरबाला काय खबर? तो म्हणाला, "बरं हाय."

चहा आला. केरबानं घाईनं बंडीच्या खिशात हात घातला.

"आवं, ऱ्हाऊ द्या पावनं!" सगळ्यांनीच हात आडवे घातले. "पावण्यानं कवा पैसं द्यायचं आसत्यात व्हय?"

"मग उद्याची पाळी माझी," केरबा म्हणाला.

"बघू की," तानाजी म्हणाला आणि त्यानंच चहाचे पैसे देऊन टाकले.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. केरबा तिसऱ्या दिवशी गेला, आठव्या दिवशीही गेला. जागा सावलीतलीच मिळाली, पाळी काही आली नाही. तो उठून चार पावलं गेला की मागं भांडण पुन्हा रंगायचं.

एके दिवशी तो दुपारीच घरी आला. पासबुक त्यानं बनुबाईच्या फोटोपुढं ठेवलं.

"बनू," तो म्हणाला, "तुला आणली न्हाई म्हणून जीव लय जळायचा माझा. बरंच झालं. हितंबी तुला पावणीच म्हणालं आसतं गं."