झाकलेल्या भांड्यातलं पाणी

वंदना गेल्याचं तिच्या भावानं, राजेशदादांनी, फोनवर कळवलं तेव्हा मी प्रात्यक्षिक घेत होते. तास संपवला, मग बसले. आजारपण लांबलेलं होतं. बातमी अनपेक्षित नव्हती...

आम्ही दोघी बालाघाटला रसायनशास्त्र शिकवायचो. तिचे वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. दादा वारासिवनीकडे हातमागाचं सूत रंगवतात. त्यांच्या शेडचं लाल-निळं पाणी नाल्यात जाई आणि खालच्या वस्तीतल्या बायका तिथेच कपडे धूत. वंदनाला ते खुपायचं. पीएचडीला तिनं तोच विषय घेतला. पापुद्र्यासारखे थर असलेल्या मातीत मँगनीजचं ऑक्साइड बसवायचं, ती पूड रंगीत पाण्यात टाकून भांडं उन्हात ठेवायचं. उन्हाच्या जोरावर पूड रंगाचे रेणू मोडेल, असा तिचा अंदाज.

कॉलेजच्या गच्चीवर तिनं रंगीत पाणी आणि पूड घातलेली दोन भांडी ठेवली. एक उघडं, एक काळ्या कापडानं झाकलेलं. नाल्यात पाणी सोडण्यावरून शेडला नोटीस आलेली, म्हणून दादा मुद्दाम पाहायला आले. उन्हं उतरेपर्यंत उघड्या भांड्यातलं पाणी नितळ झालं. ते हरखले. वंदनानं दुसऱ्यावरचं कापड काढलं. तेही नितळच... ती कापडाची घडी घालत खाली बसली.

"दोन्ही साफ झाले ना? मंग काहून तोंड पाडून बसली?"

"उन्हाशिवाय साफ झालं, दादा. म्हंजे रंग मोडला नाही, मातीले चिकटला. ते माती तू कुठं टाकशील?"

"नाल्याच्या काठी."

"मंग पावसात रंग पुन्हा पाण्यातच येईन."

पाणी साफ होतं एवढंच लिही, असं मार्गदर्शकांनीही सुचवलं. तिनं मानलं नाही, दादांनाही ती पूड वापरू दिली नाही. दादा कित्येक महिने तिच्याशी बोलले नाहीत. तिनं पूड नव्यानं करायला घेतली, किती वेळा ते मी मोजलं नाही. अखेर एका उन्हाळ्यात उघडं भांडं निवळलं आणि झाकलेलं लालच राहिलं. त्या लाल पाण्याकडे बघून ती हसत होती. पुढे दादांनी शेडमागे तिची पूड वापरायला उथळ हौद बांधला. ऊन असलं की तो चाले, आभाळ असलं की नाही.

परवा भेटायला गेले. आभाळ भरून होतं. शेडमध्ये भट्ट्या थंड, सूत कोरडंच टांगलेलं. दादा हौदाच्या कडेला बसले होते.

"काम बंद?"

"हौद भरला, मॅडम. ऊन पडल्याबिगर पाणी सोडता येत नाही."

"वंदनानं सांगून ठेवलंय?"

"नाही... ते काहीच नाही बोलली."

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली आणि पुन्हा कडेला जाऊन बसले.