धाकटीचा खोकला

आमच्या घरात सासवा दोन. मुलाचं लग्न ठरलं तेव्हाच आम्ही हे सुनेच्या माहेरी सांगून टाकलं होतं. तरी लग्नात तिची आई आहेराचं लुगडं हातात घेऊन, आधी कुणाला द्यावं म्हणून आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. धाकटीनं माझ्याकडं बोट केलं. विहीणबाईंनी लुगडं धाकटीच्याच हातात ठेवलं. त्यांचंही बरोबर होतं. मुलगा धाकटीच्या पोटचा आहे.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला लेकरू झालं नाही. सासूनं मालकांचं दुसरं लग्न करायचं काढलं. वडिलांनी विचार केला, परकी येऊन थोरलीला घराबाहेर काढणार, त्यापेक्षा धाकटीच दिलेली बरी. आम्हा दोघींना कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारत नसत. ती आली, आणि माहेरी जशा एका ताटात जेवत होतो तशा इथंही जेवायला लागलो. भांडणं झाली, पण ती कुणी दूध उतू घालवलं, कुणी कणगीचं तोंड उघडं टाकलं, असल्या कारणांवरून. ती मला तेव्हाही अक्का म्हणायची, आताही म्हणते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. लोहाऱ्याच्या बाजारात आम्ही बहिणी म्हणूनच ओळखल्या जातो.

धाकटीला मुलगा झाला तेव्हा आमची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूनं मला त्या खोलीत येऊ दिलं नाही. जिला पोटी काही नाही तिनं बाराव्या दिवसापर्यंत लेकराला शिवायचं नाही, असं आमच्याकडं पाळत. मी बाळंतिणीची भाकरी आणि शेपूची भाजी करायची, शेगडीत निखारे भरून उंबऱ्याशी ठेवायची, बाळाची दुपटी धुवायची. आत लेकरू रडायचं आणि मी बाहेर दोरीवर कपडे टाकायची. धाकटी आतून काही बोलली नाही. सासूपुढं बोलायचं तिचं वयही नव्हतं. बारसं झाल्यावर मात्र पोरगं माझ्या कडेवर आलं ते शाळेत घालेपर्यंत उतरलं नाही. तो तिला आई म्हणतो, मला मोठीमाय म्हणतो. त्या बारा दिवसांचं बोलणं आम्हा बहिणींत कधी निघालं नाही.

आता सुनेचं सांगते.

सुनेचं माहेर ईटकडचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पहिलं बाळंतपण तिकडंच व्हायचं होतं. ओटी भरून तिला न्यायला येणार, तोवर तिचे पाय सुजले. आम्हाला वाटलं, पहिलटकरणीचे सुजतातच. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. गावातल्या आशाताईनं तिला उपकेंद्रात नेलं. तिथल्या बाईनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि आम्हाला घरी जाऊ दिलंच नाही. गाडी बोलावून थेट धाराशिवला, सरकारी दवाखान्यात पाठवलं. गाडीत सुनेला झटका आला. दवाखान्यात पोचल्या पोचल्या पोट चिरून मुलगी काढली. दिवस भरले नव्हते. मुलगी एवढीशी, सोललेल्या उंदराच्या पिलासारखी दिसत होती. हे मी कुणापुढं बोलले नाही, पण दिसत तशीच होती.

सून एकीकडं ठेवलेली, लेकरू दुसरीकडं काचेच्या खोलीत. विहीणबाई तिकडून आल्या त्या लेकीच्या खाटेपाशीच बसल्या. सुनेची शुद्ध येत जात होती, आणि शुद्ध आली की ती आईचा हात सोडत नव्हती. तिला पहिलं दूध उतरलं तेव्हा विहीणबाई ते टाकून द्यायला निघाल्या, कारण तो चीक, लेकराला बाधतो म्हणे. नर्सबाई वाटी घेऊन उभीच होती. मी विहीणबाईंना म्हणाले, म्हशीचा चीक आपण गावभर वाटून खातो, तो कुणाला बाधत नाही. त्या माझ्यावर रागावल्या, पण वाटी नर्सबाईच्या हातात गेली. बाळाच्या नाकातून बारीक नळी घातली होती, त्यातून ते दूध थेंबाथेंबानं पोटात सोडलं.

काही दिवसांनी नर्सबाईनं आम्हाला काचेच्या खोलीशी बोलावलं. ती नळदुर्गकडची पोर, आवाज मोठा आणि हात भरभर चालणारे. ती म्हणाली, बाळ आता स्वतः श्वास घेतंय, पण अंग धरत नाही. पाय गार पडतात. यंत्रावर किती ठेवणार, यापेक्षा लहान लेकरं बाहेरून येताहेत. आता त्याला माणसाची ऊब पाहिजे. आई उठेपर्यंत घरातल्या कुणी तरी उघड्या छातीवर धरून बसायचं, कातड्याला कातडं लावून. एक दिवस बसून भागणार नाही, रोज, जेवढा जास्त वेळ जमेल तेवढं.

भिंतीवर एक चित्र लावलं होतं. त्यात एक जनावर दोन पायांवर उभं आणि पोटाच्या पिशवीत पिल्लू. माझी चौथीपर्यंत शाळा झाली आहे, त्यामुळं खालचं ‘कांगारू’ वाचता आलं. तसलं जनावर मी पाहिलेलं नाही. पण त्याला पिशवी देवानं दिली, आम्ही काय करायचं, असं मी विचारलं. नर्सबाई म्हणाली, आजी, तुम्हाला लुगडं दिलंय ना.

बापालाही असं धरता येतं म्हणे. पण त्या खोलीत दुसऱ्या बायका पदर काढून बसलेल्या, म्हणून तिथं गडीमाणसाला येऊ देत नव्हते. मग नर्सबाईनं विचारलं, आजी कोण. धाकटी लगेच पुढं झाली.

खोकला आहे का, सर्दी आहे का, अंगावर काही उठलंय का, असं नर्सबाई विचारत गेली आणि धाकटी न्हाय न्हाय म्हणत गेली. मी शेजारीच उभी. कडब्याच्या धुळीनं तिला संक्रांतीपासून खोकला लागलेला. रोज पहाटे गावाला जाग तिच्या खोकल्यानं येत होती. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी तरळलं. हात धुतले, दवाखान्याचा झगा घातला, खुर्चीत बसली. नर्सबाई बाळ आणायला वळली आणि तेवढ्यात खोकला फुटला. शेजारच्या बाईच्या छातीवरचं लेकरू दचकून रडायला लागलं.

नर्सबाई परत फिरली. "आजी, खोटं कशाला बोललात?"

"नात हाय माझी," धाकटी म्हणाली.

नर्सबाईनं तिला खुर्चीतून उठवलं, तोंडाला फडकं बांधायला लावलं आणि छातीचा फोटो काढायला चिठ्ठी दिली. मग दाराशी येऊन विचारलं, आता दुसरं कोण आहे. विहीणबाई तोवर लेकीला झोप लागली म्हणून तिथं आल्या होत्या. मी तर समोरच उभी होते. पण विहीणबाई म्हणाल्या, माझ्या थोरल्या लेकीला बोलावून घेते, तिला दोन मुलं आहेत, उद्या दुपारपर्यंत येईल. नर्सबाई म्हणाली, पाय आत्ता गार आहेत, उद्या दुपारचं काय सांगता. ह्या आजी कोण. विहीणबाई आवाज खाली करून म्हणाल्या, त्या घरातल्याच हो, पण पहिलंच लेकरू, त्यात असं नाजूक, आणि अजून बारावा दिवस झाला नाही. अशा बाईच्या अंगावर कसं द्यायचं.

मला असल्या बोलण्याची सवय होती. आणि खरं सांगायचं तर, लेकराला काही झालं असतं तर ते माझ्याच नावावर गेलं असतं, हेही डोक्यात होतं. मी मागं सरकत होते.

धाकटी फोटोच्या खोलीकडं निघालेली, ती चिठ्ठी हातात तशीच धरून परत आली. तोंडावरचं फडकं खाली केलं.

"अशा बाईच्या म्हंजी कशा, विहीणबाई? नीट बोला."

विहीणबाई म्हणाल्या, मी आपली रीत सांगितली, तुम्हाला काय ठाऊक नाही का.

"ठाऊक हाय. माझ्या टायमाला बी हेच केलं. मी खाटंवर पडून ऐकत हुते, ही उंबऱ्यावर निखारं ठिवून माघारी जायची. मी सासूला घाबरून गप ऱ्हायले. तुमाला न्हाय घाबरत." तिला मध्येच खोकला आला, तो तिनं पदरात खोकून घेतला. "लेकरू न्हाय झालं म्हणून हिची छाती गार हाय व्हय? माझ्या पोराला ताप आला की ते हिच्याच कुशीत घाम यिऊन उठायचं. अक्का, घाल तो झगा."

मी नर्सबाईकडं बघितलं. आधीच सांगून टाकलेलं बरं म्हणून म्हणाले, "बाई, मला एकबी लेकरू झालं न्हाय."

"त्याचं मला काय करायचंय," नर्सबाई म्हणाली. "नखं दाखवा."

नखं वाढलेली होती. तिनं स्वतः कापली. बांगड्या काढायला लावल्या, कोपरापर्यंत हात घासून घेतले. पोलकं काढायला सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. म्हातारीची छाती, सुकलेली, लोंबलेली, तिथं काय ऊब असणार असं माझ्याही मनात आलं. तिनं मला मागं रेलून बसवलं आणि बाळ आणलं. डोक्याला टोपी, पायांत मोजे, खाली एक लंगोट, बाकी उघडं. तिनं ते माझ्या दोन्ही छात्यांच्या मध्ये उभं ठेवलं, बेडकासारखे हातपाय पसरून, मान एका बाजूला वळवून. बांधायला कापड कमी पडत होतं. धाकटीनं पिशवीतून तिचं जुनं लुगडं काढलं, अंगावर घ्यायला आणलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. दारातूनच तिनं ते दातानं चिरलं आणि आत दिलं. नर्सबाईनं त्याच्या पट्ट्यानं बाळाला माझ्याशी घट्ट बांधलं.

वजन काहीच नव्हतं. चपात्या गुंडाळलेलं फडकं छातीशी धरावं तेवढं. पाय खरंच गार होते, माझ्या पोटाला लागले तेव्हा मी शहारले. नर्सबाई म्हणाली, नाकाकडं लक्ष ठेवा, रंगाकडं लक्ष ठेवा, हलू नका, झोपू नका. मी तशी बसले. पाठ धरली, पायांना मुंग्या आल्या. लघवीला लागली तेही सांगायची सोय नव्हती, शेवटी सांगितलं. दरवाजाच्या काचेतून धाकटी बघत होती. ती खुणेनं विचारायची, कसं हाय. मी खुणेनं सांगायची, हाय. संध्याकाळी नर्सबाईनं बाळाच्या तळव्याला हात लावला, मग माझा हात ओढून तिथं लावला. तळवा कोमट झाला होता. मग ती दुसऱ्या खुर्चीकडं गेली.

त्यानंतर रोज तेच. सकाळी अंग पुसून खुर्चीत जायचं. धाकटी बाहेरून डबा द्यायची आणि मला घास भरवायला आत येऊ देत नाहीत म्हणून नर्सबाईशी भांडायची. तिच्या छातीच्या फोटोत काही वाईट निघालं नाही, धुळीचा दमा निघाला. तोंडात ओढायचा पंप मिळाला. बाळाचं वजन आधी घटलं, मग थांबलं, मग वाढायला लागलं. बारावा दिवस कधी उलटला ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. विहीणबाईंनी एकदा दारातून मला चहा पाठवला. चहा चांगला होता, आलं घातलेला.

मग सून उठली. तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिनं लेकरू धड पाहिलंही नव्हतं. नर्सबाईनं माझा पट्टा सोडला आणि बाळ उचलून तिच्या छातीवर ठेवलं. बाळानं तोंड फिरवून शोधलं आणि लागलीच धरलं. सून रडली. मी पोलकं घातलं आणि बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून पाय लांब केले. पाठ मोकळी झाली, तेवढी छाती उघडी पडल्यासारखी वाटली. धाकटी शेजारी येऊन बसली. मी तिला म्हणाले, तू त्या दिवशी लई बोललीस. ती म्हणाली, उशिरा बोलले. मग तिनं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून निम्मा मला दिला.

घरी न्यायच्या दिवशी नर्सबाई दुसऱ्या एका म्हातारीला खुर्चीत बसवत होती, नखं कापत होती. तिला थांबवून दोन शब्द बोलावेत तर तिच्या हातातलं काम अडलं असतं. मी दारातून हात जोडले. तिनं मान हलवली. तिला मी नाव विचारलं नाही, आणि तिनंही मला आजीशिवाय दुसरं काही म्हटलं नाही. गावात आशाताई आहे, उपकेंद्रातली ती पट्टा बांधणारी बाई आहे, त्यांना भेटून सांगता आलं. नर्सबाईचं राहिलं. म्हणून हे लिहिलं.

मुलगी आता चालते, बोलते, ऐकत नाही. रंग आईचा घेतला आहे आणि आवाज धाकटीचा. तिला झोप आली की आईला सोडून माझ्याकडं येते, माझं पोलकं वर सरकवते आणि उघड्या कातड्याला कान लावून पडते. पाहुण्यांसमोर करते तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारते. धाकटी ओसरीवरून म्हणते, "पडू दी की अक्का. जागा तिचीच हाय." आणि खोकते.