मामंजींचं पागोटं

माळा झाडताना कॉम्प्युटरचं जुनं कार्ड सापडलं. त्या दिवशीचाच तापल्या धुळीचा वास आला.

दिरानं ते नांदेडहून आणून घरच्या कॉम्प्युटरात बसवलं होतं आणि वडिलांना म्हणाला होता, "दादा, आता मशीन बुद्धिबळ खेळतंय."

आमच्या लोहा गावात कधी न हरलेले मामंजी हसले. "डबड्याला काय अक्कल हाय? हरलो तर पागोटं उतरवतो."

डावाच्या मधेच मशीननं राजा आणि हत्ती एकदमच हलवले.

"एका चालीत दोन मोहरे? लबाडी हाय ही."

"न्हाई दादा, इंग्रजी खेळात चालतंय."

चहा उकळायच्या आत मामंजी हरले. त्यांनी खरंच पागोटं काढून कॉम्प्युटरपुढं ठेवलं. चहा घेऊन आलेली मी दारातच थिजले. सुनेनं सासऱ्याचं उघडं डोकं कधी पाहिलेलं नसतं.

कार्ड पापडासारखं हलकं आहे. एवढ्याशापुढं ते पागोटं उतरलं, हे अजून खरं वाटत नाही.