मेलिसने शिकवलेली युक्ती

आसानकुलने काराकोल शहरातून डोंगरातल्या गावांना तीस वर्षं बस चालवली. तो निवृत्त झाल्यावर मुलीनं त्याला जुनी जपानी गाडी घेऊन दिली, ऑटोमॅटिक गिअरची. "ही कसली गाडी, हिचे गिअरही टाकावे लागत नाहीत," असं म्हणून तो बहुतेक वेळा बायकोलाच, बेगायिमला, चालवू द्यायचा.

जानेवारीत एका सकाळी बहिणीकडे मेजवानीला निघायचं होतं आणि गाडी मुकी. थंडीनं बॅटरी बसलेली. शेजारचा दुइशेन आपली गाडी आणि बॅटऱ्या जोडायच्या तारा घेऊन आला, पण आसानकुलच्या गाडीचं नाक गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं. ती मागे ढकलल्याशिवाय तारा पोचेनात, आणि बॅटरी बसल्यामुळे गिअरचा दांडा पार्किंगमध्ये घट्ट. आसानकुलनं दोन्ही हातांनी हिसडे दिले, शिव्या दिल्या. दांडा ढिम्म.

"अहो, मोडाल तो! सरका बघू." बेगायिम हाताचं पीठ झटकत आली. आत बसून तिनं हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय दाबला, दांड्याशेजारचं नखाएवढं झाकण किल्लीच्या टोकानं उचकटलं. खालच्या भोकात किल्ली दाबून धरली आणि दांडा न्यूट्रलमध्ये आणला. मग हँडब्रेक सोडून म्हणाली, "ढकला आता."

"वहिनी, तुम्ही तर उस्ताद निघालात!" दुइशेन खिदळला. "दादा, तीस वर्षं काय नुसता हॉर्न वाजवलात?"

आसानकुल कसनुसं हसला. "कुणी शिकवलं तुला?"

"मेलिसनं," ती सहज म्हणाली.

मेलिस! लग्नाआधी तिला मागणी घालायला आलेला, आता बायको वारल्यावर बाजारात एकट्यानं गॅरेज चालवणारा. तिचा हात दांड्यावर आणि मेलिसचा हात तिच्या हातावर, असं काहीतरी आसानकुलच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. मेजवानीत मटणाचं ताट समोर असून घास उतरेना. बेगायिम बायकांत हसली की त्याला वाटे, मेलिसच्याच आठवणीनं हसतेय.

दुसऱ्या दिवशी तो तडक गॅरेजात गेला. मेलिस गाडीखालून बाहेर आला, म्हातारा, पोट सुटलेला.

"माझ्या बायकोला तू काय शिकवलंस?"

"ते होय! अहो, गेल्या हिवाळ्यात बाजाराच्या दारात त्यांची गाडी बंद पडली. मागे ट्रक खोळंबले, लोक ओरडत होते. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. तुम्हाला फोन लावत होत्या, तुम्ही उचलत नव्हता. मग मी गेलो आणि दांडा कसा सोडवायचा ते दाखवलं. बसा ना, चहा घ्या."

आसानकुल बसला नाही. तो दिवस त्याला आठवला. मित्रांबरोबर पत्ते खेळताना फोन वाजला होता, त्यानं बेगायिमचं नाव बघून तो उलटा ठेवला होता.

घरी बेगायिम शेवया कापत होती.

"पुढच्या वेळी गाडी अडली, तर मला फोन करायचा. त्याला नाही."

"तुम्हालाच केला होता," ती म्हणाली. सुरी थांबली नाही.

त्यानंतर तिचा फोन तो पहिल्या घंटेला उचलू लागला. पण मेलिसच्या गॅरेजातून साधा बल्बही त्यानं कधी घेतला नाही. त्यासाठी तो बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा, आणि निघण्याआधी बेगायिम घरीच आहे ना, हे बघून.