तीन मजले आणि वायफायचा एक डबा

आमच्या घरात किस्सा घडायला मोठं काही व्हावं लागत नाही. तीन भाऊ, तीन मजले आणि मध्ये एक जिना, एवढं पुरतं. ऑफिसातले मित्र डबा खाताना म्हणतात, "तुहं बरं हाये बाप्पा, रोज नवीन." बरं कसलं! मी हसत सांगतो म्हणून ते हसतात. एकट्या वायफायचेच गेल्या वर्षभरात इतके साचलेत, की आता सांगून टाकलेलेच बरे.

घर वर्ध्यात. तळमजल्यावर दादा, त्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. मधे मी, सावंगीला नोकरीला. वर धाकटा सुनील, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. बाबा गेल्यावर सगळ्याची वाटणी झाली, मीटरसुद्धा वेगळे झाले. आई तेवढी उरली. तिची पाळी लावली, एकेका मजल्यावर एकेक महिना. एक तारीख उजाडली की आईची पिशवी जिन्यात.

* * *

दोन वर्षं सुरळीत गेली. मग एका जानेवारीत सुनील कॅलेंडर घेऊन खाली आला. त्याच्या लक्षात आलं होतं, की महिने बारा आणि भाऊ तीन, म्हणजे फेब्रुवारी कायम माझ्याच वाट्याला येणार. दरसाल मला दोन-तीन दिवसांची सूट! दादालाही ते पटलं. तास-दीड तास भांडण चाललं. मीही भांडलो, आणि ते फेब्रुवारी वाचवायला, हे कबूल करतो.

आई तिथेच लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चार वर्षांनी एक दिवस जास्त बी राह्यतो मी त्याच्याकडं. थो बी धरा हिशोबात."

सुनीलनं कॅलेंडर गुंडाळलं आणि तो वर गेला.

* * *

मग वायफाय. सुनीलच्या मीटिंगा मोबाइलच्या नेटवर तुटायच्या, माझ्या मुलीचे ऑनलाइन क्लास अडकायचे, दादाला घरबसल्या दुकानाचा कॅमेरा पाहायचा होता. तीन कनेक्शनं कशाला, एकच घेऊ, असं ठरलं. चौकशीचं काम माझ्याकडे आलं.

दुकानदारानं दोन प्रकार सांगितले. एक, मोडेम वेगळा आणि प्रत्येक मजल्यावर आपापला राउटर. दुसरा, मोडेम आणि वायफाय दोन्ही एकाच डब्यात. तो जिथे ठेवाल तिथे झकास, पण स्लॅबच्या पलीकडे जेमतेम.

घ्यावा का तो एकत्रवाला, यावर आम्ही दीड महिना काढला. दादा म्हणे, एकात दोन्ही येतं तर वेगळं कशाला. सुनील म्हणे, तो बिघडला की सगळंच बंद. मी व्हिडिओ पाहून दोघांना शिकवत होतो. खरा प्रश्न एवढाच होता, की डबा कोणाच्या मजल्यावर राहणार. तो कोणी उच्चारत नव्हतं. प्रत्येक जण आईचं नाव पुढे करायचा. आईला नाचणगावला दिलेल्या ताईशी व्हिडिओवर बोलता येईल म्हणे. ताईची आठवण आम्हाला एवढी कधीच आली नव्हती.

* * *

निकाल आईनंच लावला. मजले वाटले तरी घर कागदावर तिच्याच नावावर, म्हणून तिघांच्या मिळून कनेक्शनला कागद तिचे लागले, सही तिची लागली. सही करायच्या आधी तिनं विचारलं, दोन प्रकारांत उचलायला सोपा कोणता?

मी म्हटलं, एकत्रवाला. एकच डबा असतो.

"मंग थोच घे," ती म्हणाली. "डबा माह्या नावाचा हाये. मी जिथी, थो तिथी. दोन-तीन डबे घेऊन मी जिना कशी चढू?"

दीड महिन्याची आमची चर्चा तिथे संपली. वायर लावायला आलेल्या माणसाला आम्ही जिन्यात वायरचं भलंमोठं वेटोळं सोडायला लावलं, तिन्ही मजल्यांना पुरेल असं. त्यानं विचारलं, हे कशासाठी? दादा म्हणाला, "घरची पद्धत हाये."

* * *

जून सुनीलचा होता. आधी हाच सुनील एक तारखेला चहाच्या आत आईला खाली पोचवायचा. या वेळी एक जुलैला दुपार झाली तरी आई वरच. निरोप आला, आईचे गुडघे दुखून राह्यले, तिला जिना उतरवू नका.

दादा तडक वर गेला. "गुडघे चढताना दुखते, उतरताना नाई," असं डॉक्टरसारखं सांगून त्यानं आधी डबा खाली आणला. मग आईला आणायला परत गेला.

त्या महिन्यात वहिनीनं तिला दोनदा आल्याचा चहा दिला. ऑगस्टात माझ्या बायकोनं, रेखानं, खिडकीजवळ पलंग टाकून दिला. तीच खिडकी, तोच पलंग, आधी तीन वर्षं सुचलं नव्हतं. आईनं मला हळूच विचारलं, "काऊन रे, मले काई मोठा आजार-बिजार निघाला का? सगळे असे काऊन वागून राह्यले?"

* * *

एकदा भर मीटिंगमध्ये नेट गेलं. सुनील धावत खाली आला, दादा वर आला, मुलगी वही घेऊन आली. पाहतो तर आई डब्याजवळ बसलेली आणि बटन बंद.

"सकाळपासून खोलीत कोणी आलं नाई," ती म्हणाली. "म्हणून दाबलं. आता पाहा, किती आले."

सुनील चिडला. मला हसू आलं, आणि मग दिवसभर काही गोड लागलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेलो नाही, हेही सांगतो.

* * *

सप्टेंबरात आई सुनीलकडे गेली. त्यानं गुपचूप, आपल्या मजल्याच्या मीटरवर, स्वतःचं वेगळं कनेक्शन घेऊन ठेवलं होतं. रोज कोण आईच्या मर्जीवर राहील! एक ऑक्टोबरला चहाच्या आत आई तळमजल्यावर हजर. मी जिन्यात भेटलो, तर डबा पुढे करून म्हणाली, "बिघडला वाटते रे. बंद केला तरी सुनील येत नाई."

मी म्हटलं, पाहतो. पाहायचं काय होतं त्यात? डबा चांगला होता.

दसऱ्याला दादानंही आपलं घेतलं. राहिलो मी. सगळं कळत होतं मला. पण मुलीची परीक्षा जवळ आली होती, रेखा रोज म्हणायची, आणि माझ्याही मनात होतंच. एकतीस ऑक्टोबरला मी आमचं कनेक्शन लावून घेतलं.

* * *

एक नोव्हेंबरला सकाळी दार वाजलं. दादा आईची पिशवी उंबऱ्यात ठेवून खाली निघूनही गेला होता. आई उभी, डबा पदरात धरलेला. आत आली आणि भिंतीकडे पाहिलं. आमच्या नव्या डब्याचे हिरवे दिवे लागले होते.

"हा कोणाचा?"

"आमचा," मी म्हणालो.

"कवा घेतला?"

"काल."

रेखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मग आईनं आपला डबा टेबलावर ठेवला, पदरानं पुसला आणि रेखाकडे वळली.

"सूनबाई, तुमचा बंद ठेवजो. माहा लाव. सहा महिन्याचे पैसे भरून आली मी."