उत्तमरावची बॉम्बची झडती

…तर उत्तमराव तोरणाखाली तोंड पाडून उभा होता, इथपर्यंत आपण काल आलो होतो. आणि तुम्ही विचारलं, बैलांच्या पोळ्यात रशिया-अमेरिका कुठून आली? आमच्या गावच्या नत्थुजीनं आणली. सांगतो.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळचं. पोळ्याला जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे जुळवलेल्या दोन-चार ओळी. सरकारपासून सासूपर्यंत कोणालाही चिमटा काढावा, आणि आवडली तर गावानं ‘हर हर महादेव’ म्हणत उचलून धरावी. पहिली झडती उत्तमरावची, हा रिवाज आमचे केस काळे होते तेव्हापासूनचा.

माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला पचत नसे. एकदा शेजाऱ्याच्या बैलांची शिंगं जास्त लाल दिसली, म्हणून यानं आपल्या जोडीची शिंगं ऐन पोळ्याच्या सकाळी पुन्हा रंगवली, आणि तोच ओला रंग धोतराला लावून गावभर मिरवला.

मागच्या पोळ्याच्या वेळी टीव्हीवर रोज कुठं ना कुठं बॉम्ब पडत होते. उत्तमरावची झडती झाली आणि मागून नत्थुजी सहज पुढं आला.

“अमेरिका फेके एक, रशिया फेके दोन,
चीन फेके दहा-दहा, त्याले इचारते कोन?”

पोरं नाचायला लागली. ‘पुढच्या वर्षी पयली झडती नत्थुजीची’ असं कोणी तरी ओरडलं आणि लोकांनी माना डोलावल्या. उत्तमरावनं त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही.

पुढं कापूस घेऊन आम्ही दोघं अकोल्याला गेलो. आमच्या जानरावचा धम्मदीप तिथं कॉलेजात इतिहास शिकवतो. उत्तमरावनं त्याचं घर गाठलं आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, “बापू, जगात सगळ्यात जास्त बॉम कोन टाकते? नत्थू म्हन्ते चीन.”

धम्मदीप हसला. “नाही काका. दुसऱ्या महायुद्धानंतर परक्या देशांवर सगळ्यात जास्त ठिकाणी बॉम्ब टाकले ते अमेरिकेनं. कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, इराक, अफगाणिस्तान, अजून बरेच. रशियानं अफगाणिस्तान, सीरिया, आता युक्रेन. चीन धमक्या देतो, पण १९७९ मध्ये तो स्वतः व्हिएतनामशी लढला त्यानंतर, म्हणजे पंचेचाळीसएक वर्षांत, परदेशात त्यानं अशी बॉम्बफेक केली नाही.”

“म्हंजे नत्थू चुकला.”

“चुकले. पण काका, तिथं माणसं किती मेली, तो आकडा…”

ते ऐकायला उत्तमराव थांबलाच नाही. बसस्टँडवर त्यानं मला दोन कचोऱ्या खाऊ घातल्या. त्याच्याकडून काही खायला मिळालं ते तेवढंच.

यंदाच्या पोळ्याला पहिल्या झडतीसाठी नत्थुजीचं नाव कोणी घेण्याआधीच तो तोरणाखाली जाऊन उभा राहिला.

“अमेरिकेचा सांड मोकाट, देशोदेशीचं चरला रान,
रशियाचा शिरला शेजाऱ्यात, बांधाचं नाई ठेवलं भान,
चीनचा दाव्याले बांधला, पर टवकारून उभा कान!”

‘हर हर महादेव’ असं घुमलं की बैल बुजले. आणि पहिली टाळी कोणाची? नत्थुजीची. तिथंच उत्तमरावचा चेहरा उतरला. भांडायला आलेल्या माणसासमोर कोणी पानाचा डबा उघडावा, तसं झालं त्याचं.

“उत्तमभाऊ, मी चुकलो बावा,” नत्थुजी म्हणाला. “पयली झडती तुमचीच. पर मले एक सांगा. हे एवढाले देश, पोट भरलेले, घरी काई कमी नाई. मंग दुसऱ्याच्या वावरात जाऊन बॉम कायले टाकून रायले?”

सगळे उत्तमरावकडे बघत राहिले. त्यानं बैलाच्या पाठीवरची झूल नीट केली, आणि म्हणाला, “मागच्या पोळ्यात तुह्या झडतीले टाळ्या पडल्या, तवापासून माह्या पोटात आग पडली होती, नत्थू. माह्यापाशी बॉम टाकाले विमान नव्हतं, म्हून मी झडती जुळवत बसलो. असतं, त पयलं घर तुह्यं होतं.”